पहिल्या बागेचे साक्षीदार

बापूजी कामडी यांच्या घरी आलेला पाहुणा संत्रे खाल्ल्यावाचून परत गेला, असे कधी घडले नाही. आणि हातातली साल टाकून व्हायच्या आत चिंधूजींची गोष्ट ऐकण्यातून तो सुटला, असेही कधी घडले नाही. सौसरहून मोहगावकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचे गाव. घराच्या ओसरीवरून बाग दिसे. ओसरीतल्या बंगईवर बसून, पायाच्या अंगठ्याने हळूच झोका देत बापूजी बोलू लागले, की घरातली माणसे आपापल्या कामाला लागत, कारण पुढचे सगळे त्यांना पाठ होते.

गोष्ट अशी. बापूजींचे वडील चिंधूजी तरुणपणी पायी नागपूरकडे गेले. तिथून संत्र्याची कलमे कावडीत घालून, मुळांना ओले पोते गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला चालत ते घरी परतले. तेव्हा या पंचक्रोशीत कापूस आणि ज्वारीवाचून दुसरे पीक कोणी पाहिले नव्हते. गावाने त्यांना वेड्यात काढले. "लोक म्हणत, चिंध्या, आता झाडं चावशील का? अन् आज पाहा," असे म्हणून बापूजी बागेकडे हात करत. "या भागातली पहिली बाग. पहिली!" हा शेवटचा शब्द ते एखाद्याच्या तळहातावर प्रसाद ठेवावा तसा पाहुण्यापुढे ठेवत.

बापूजींचे उभे आयुष्य या एका शब्दाच्या सावलीत गेले. तसे पाहिले तर त्यांच्या नावावर सांगण्यासारखे पुष्कळ होते. डिंक्या रोगाने अर्धी बाग गेली तेव्हा त्यांनी ती पुन्हा उभी केली होती. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करण्यात त्यांचा हात धरणारा जवळपास कोणी नव्हता. पण यातले काही ते सांगत नसत. आपण केले ते केवळ राखणदारीचे काम, मिळवले ते बापाने, अशी त्यांची मनोमन वाटणी होती.

या भागात ऐकण्याचीही एक रीत आहे. वडीलधारा माणूस आपल्या घराण्याची गोष्ट सांगत असताना समोरच्याने नुसती मान हलवणे उद्धटपणाचे समजले जाते. ऐकणाऱ्याने त्यात आपल्याकडचे थोडे घालायचे असते. "हाव जी, आमचे बाबाही हेच सांगत," एवढे म्हटले तरी पुरते. पोट भरलेले असले तरी वाढणाऱ्याच्या आग्रहाखातर एक घास जास्तीचा घ्यावा, तसे हे वाक्य. बोलणाराही ते त्याच भावाने घेतो. बापूजींनी स्वतः ते कितीतरी ओसऱ्यांवर उच्चारले होते.

त्यांची नात स्मिता सौसरच्या हायर सेकंडरी शाळेत अकरावीला होती. चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात तिने एक मोठे काम अंगावर घेतले. नागपूरची एक संस्था शाळेतल्या मुलांकडून दीर्घ निबंध मागवी. विषय आपल्या परिसरातला हवा, आणि लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला आधार दिलेला हवा, एवढ्याच तिच्या अटी होत्या. स्मिताने विषय घेतला तो आपल्या भागातल्या संत्र्याच्या बागांचा. इतिहास शिकवणाऱ्या सरला बहेनजी तिला मार्गदर्शन करत होत्या. त्या पांढुर्ण्याच्या, रोज बसने येत. त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता: महत्त्वाच्या विधानाला तीन आधार हवेत, आणि त्यांतला कोणताही दुसऱ्या आधाराच्या पोटातून निघालेला नसावा.

त्या संध्याकाळी स्मिता बंगईपाशी येऊन बसली.

"आबाजी, चिंधूआजोबांनी पहिली बाग लावली, हे कशावरून?"

"कशावरून म्हंजे? बाग समोर उभी हाये ना वं!"

"बाग आहे. पण पहिली कशावरून?"

बापूजींनी झोका थांबवला. "पोट्टे, तुह्या बहेनजीनं हेच शिकवलं का तुले, घरच्या म्हाताऱ्याले कोर्टात उभं करणं?"

"बहेनजी म्हणतात, गवाह पाहिजे."

"मंग गवाह देतो ना. किती पाहिजे?"

"तीन."

"तीन?" बापूजी मनापासून हसले. "तीस देतो. तुह्या बहेनजीले म्हणा, कागद कमी पडन."

दुसऱ्या दिवसापासून आजोबा-नातीची फेरी सुरू झाली. मुलीच्या जातीने परगावी एकटे जायचे नाही, हे घरात ठरलेलेच होते, आणि तिचे वडील संत्र्याच्या तोडणीत अडकले होते. तेव्हा बापूजींनी इस्त्रीचे धोतर काढले, काळा कोट झटकला, आणि ज्या उत्साहाने वऱ्हाडी लग्नाला निघतात त्या उत्साहाने ते निघाले.

पहिला मुक्काम मोहगाव. तिथले मुकुंदराव गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. बागाईतदारांच्या सहकारी सोसायटीला पंचवीस वर्षे झाली तेव्हा तिची स्मरणिका त्यांनीच संपादित केली होती. गुरुजींनी कपाटातून एक प्रत काढली आणि नेमके पान उघडून दिले. छापलेल्या ओळीत स्पष्ट लिहिले होते, की या भागात संत्र्याची पहिली बाग श्री. चिंधूजी कामडी यांनी लावली. बापूजींना वाचता फारसे येत नव्हते, पण वडिलांचे नाव ओळखण्याइतके येत होते. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले.

"गुरुजी, हे तुम्ही कशावरून लिहिलं?" स्मिताने विचारले.

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले, मग बापूजींकडे. "अवो बाई, ज्यांच्या घरची गोष्ट ते इथं माह्या समोर बसून हायेत. मी कोण सांगणारा?"

"पाहा," बापूजी म्हणाले. "छापील हाये. लिही."

स्मिताने लिहून घेतले.

दुसरे साक्षीदार शेजारच्या गावचे जयवंता पाटील. त्यांच्या ओट्यावर चहा आला, पान आले, आणि प्रश्न विचारण्याआधीच उत्तर आले.

"आमचे बाबा नेहमी सांगत. चिंधूजीवाणी माणूस होणे नाही."

"कावडीचं सांगत का?" बापूजींनी विचारले.

"कावडीचंच तं सांगत!"

"अन् ओल्या पोत्याचं?"

"हाव, ओलं पोतं." जयवंता पाटील क्षणभर थांबले. पाहुण्याच्या घरची गोष्ट इतकी कोरडी परत करणे त्यांना प्रशस्त वाटले नसावे. "त्या कावडीले घुंगरू होते म्हणत. गावात शिरले तं घुंगरांच्या आवाजानं लेकरं धावली."

घुंगरू बापूजींना नवे होते. त्यांनी कपाळाला आठी घालून आठवून पाहिले. आणि मग चेहरा एकदम उजळला. परतीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी गोष्ट सांगितली, तेव्हा चिंधूजींच्या कावडीला घुंगरू होते. स्मिता खिडकीबाहेर पाहत होती. ते तिच्या कानावर पडले.

तिसरा आधार सरकारी हवा, असे स्मिताच्या मनात होते. म्हणून ते दोघे पांढुर्ण्याच्या वाचनालयात गेले. जिल्ह्याची माहिती देणारा एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ तिथल्या कपाटात होता. स्मिता शब्द लावत लावत पाने उलटत राहिली. किती एकरांत संत्री होती, कुठल्या बाजारात जात, कोणत्या जमिनीत चांगली येत, सगळे होते. नाव मात्र कोणाचेच नव्हते.

"सरकारले झाडं दिसले," बापूजी म्हणाले, "माणूस नाही दिसला. जाऊ दे. आमच्या गावचा कवडू माळी हाये ना, तो सांगन."

कवडूनेही बंगईसमोर खाली बसून सांगितले, आमचे बाबाही हेच सांगत.

तीन झाले. बापूजींनी टोपलीभर निवडक संत्री काढली, वर हिरवी पाने घातली, आणि स्मिताबरोबर ते स्वतः शाळेत गेले. बहेनजींचे आभार मानावेत, हे एक निमित्त. खरे म्हणजे वडिलांचे नाव शाळेच्या भिंतींच्या आत मोठ्याने वाचले जाताना त्यांना ऐकायचे होते.

सरला बहेनजींनी त्यांना शिक्षकांच्या खोलीत बसवले, स्मिताचे कागद वाचले, आणि मान वर न करता विचारले, "जयवंताजींशी बोललीस तेव्हा आबाजी कुठे होते?"

"तिथंच होते."

"मुकुंदरावांकडे?"

"बाजूले बसले होते."

"आणि कवडू?"

"घरीच आला होता. ओसरीत."

बहेनजींनी कागद टेबलावर ठेवले. त्यांच्या आवाजात अनादर नव्हता. उलट पदर सावरून त्या थोड्या पुढे झुकल्या. "बापूजी, तुमच्यासमोर तुमच्या वडिलांची बाग पहिली नव्हती असं म्हणेल, असा एक तरी माणूस या तालुक्यात आहे का?"

"नाही! हिंमत हाये का कोणाची?" बापूजी हसले. बाजूच्या टेबलावरचे ड्रिल मास्तरही हसतील, या अपेक्षेने त्यांनी तिकडे पाहिले. ते हसत नव्हते. स्मिता आपल्या चपलांकडे पाहत होती. हसू तोंडावर असतानाच बापूजींना कळले, की आपण जे बोललो ते आपल्याच विरुद्ध गेले.

"स्मरणिकेतलं गुरुजींनी कोणाकडून घेतलं?" बहेनजी पुढे म्हणाल्या. "तुमच्याकडूनच ना? म्हणजे हे तीन आधार दिसतात तीन, पण बोलतंय एकच माणूस. हे वाक्य असं जाऊ शकत नाही. एक तर स्मितानं त्यांना पुन्हा भेटावं, तुमच्याशिवाय. नाही तर वाक्य काढावं." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "खोटं आहे असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, इतकंच."

बापूजींनी टोपली टेबलाखाली सरकवली आणि ते उठले.

घरी आल्यावर ते बंगईवर बसले नाहीत. बागेत गेले, पाण्याच्या दांडाजवळ झाडाच्या बुडाशी बसले. राग कुणाचा करायचा हेच त्यांना सुचत नव्हते. बाई शिकलेली, नम्र, तिच्या बोलण्यात कुठे बोट ठेवायला जागा नाही. माणसांचा करावा, तर त्यांनी सगळ्यांनी त्यांच्याच बाजूने साक्ष दिली होती. आणि मग, मनात नसताना, त्यांना जयवंता पाटलांच्या चुलत्याची गोष्ट आठवली. त्या चुलत्याने म्हणे नुसत्या कुऱ्हाडीने वाघ लोळवला होता. ती गोष्ट जयवंताच्या ओट्यावर निघाली की बापूजी दरवेळी म्हणत, "हाव, आमचे बाबाही हेच सांगत." चिंधूजींनी त्या वाघाबद्दल जन्मात कधी एक शब्द काढला नव्हता. वाघ होता की नव्हता, हेसुद्धा बापूजींना ठाऊक नव्हते. पण जयवंता सांगत असताना दुसरे काही म्हणणे हे चहात मीठ टाकण्यासारखे झाले असते.

इतकी वर्षे आपण ते वाक्य देत आलो तेव्हा त्याची किंमत काय होती, हे आपल्याला ठाऊक होते. आणि घेताना मात्र ते आपण खऱ्याच्या भावाने घेतले. या विचाराने ते बराच वेळ तिथेच बसून राहिले. दांडातले पाणी बाजूच्या आळ्यात फुटले, तरी त्यांनी माती लावली नाही. त्यांच्या हातून असे कधी होत नसे.

दोन दिवस घरात चिंधूजींचे नाव निघाले नाही. संत्र्याचा एक व्यापारी आला, बाग पाहून, चहा पिऊन गेला. त्याला गोष्ट ऐकावी लागली नाही. स्मिताची आई कमल स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून पाहून गेली. "मामंजीले बरं नाही का वं?" असे तिने मुलीला हळूच विचारले.

तिसऱ्या दिवशी स्मिताच त्यांच्याजवळ आली.

"आबाजी, मी ते वाक्य काढून टाकतो. बाकीचा निबंध झाला आहे."

"काहून काढतं? खोटं हाये म्हून?"

"खोटं नाही. आधार नाही."

"माही जबान आधार नाही?"

स्मिताचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. "तुमची जबान एकच आहे ना, आबाजी. मी तिले तीनदा मोजलं."

 बापूजी अंगणात माती उकरणाऱ्या कोंबडीकडे पाहत राहिले. मग कोणीतरी ओढून काढावे तसे एक नाव त्यांच्या तोंडून आले.

"तिगावले गुणवंता हाये."

"कोण गुणवंता?"

"त्याचा बाप आपल्या इथं सालदार होता, माह्या बापाच्या वक्ताले. गुणवंता माह्याहून मोठा. मंग तो रेल्वेत गँगमन झाला, तिगावलेच राह्यला. लाइनीच्या बाजूलेच घर हाये त्याचं."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

याचे उत्तर बापूजींजवळ होते. पण ते नातीला देण्यासारखे नव्हते. गुणवंताचे नाव ते विसरले नव्हते. एका लग्नात, मांडवाखाली दहा-बारा माणसांपुढे बापूजींनी गोष्ट रंगवली होती, आणि एकेकाने आपापल्या बापाची साक्ष लावली होती. गुणवंता तेवढा गप्प बसला. त्याने नाही म्हटले नाही, होही म्हटले नाही. पुढेही जेव्हा जेव्हा भेट झाली, तेव्हा तो त्या गोष्टीत कधी आपला शब्द घालीना. ज्या घरचे अन्न खाल्ले त्या घराला खोटे पाडायचे नाही, आणि जे पाहिले नाही त्याला हो म्हणायचे नाही, अशा दोन दगडांच्या मधून तो चालत असावा. बापूजींनी त्याला तीस साक्षीदारांत धरले नव्हते, ते याचमुळे.

"चाल, उद्या जाऊ," ते म्हणाले. "मी येतो तिथपर्यंत. आत नाही येत."

सौसरहून पांढुर्ण्यापर्यंत बस आणि तिथून तिगावपर्यंत पॅसेंजर. गाडीत बापूजींनी कोणाशी बोलणे काढले नाही. गुणवंताचे घर सापडायला वेळ लागला नाही. दारात पाऊल ठेवायच्या आधीच बापूजींनी स्मिताला पुढे केले, आणि ते स्वतः समोरच्या कडुनिंबाखाली, बोलणे ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर, एका दगडावर जाऊन बसले.

आतून खणखणीत हाक आली. "कोण, बापू हाये का? आत ये ना बे! बाहेर काहून बसला, सोयरीक मोडायले आला का?"

"तू पोरीसंग बोल, गुणवंताभाऊ. मी नाही इथं."

"नाही इथं अन् बोलून राह्यला!"

गुणवंताची सून चहा घेऊन बाहेर आली. कप हातात देताना तिने दबक्या आवाजात विचारले, "भांडण झालं का जी?"

"नाही बाप्पा."

"मंग आत काहून नाही बसत?"

"ऊन घेऊन राह्यलो."

सुनेने वर कडुनिंबाच्या गर्द सावलीकडे पाहिले, आणि ती आत गेली.

बापूजींनी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली होती. पावसाची, बहाराची, व्यापाऱ्याची. पण ज्या बोलण्यात आपल्या बापाचे नाव आहे, ते बोलणे आपल्यावाचून चालले आहे, आणि आपण मुद्दाम त्याच्या बाहेर बसलो आहोत, असे त्यांच्या वाट्याला कधी आले नव्हते. आतून गुणवंताचे खोकणे ऐकू येई. एकदा हसणे आले. एकदा बराच वेळ काहीच आले नाही. दोनदा त्यांचे ढोपर उठण्यासाठी वळले, दोनदा त्यांनी ते हाताने दाबून धरले. एक मालगाडी गेली, आणि ती जाईपर्यंत त्यांना जरा बरे वाटले, कारण तेवढा वेळ कोणालाच काही ऐकू येत नव्हते.

स्मिता बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा तापलेला होता. दोघे स्टेशनकडे निघाले. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर बापूजी म्हणाले, "सांग."

"आबाजी..."

"जसं सांगतलं तसं सांग. साखर नको लावू."

"चिंधूआजोबा नागपूरकडून कलमं घेऊन आले, हे खरं आहे. गुणवंताआजोबांनी पाहिलं. कावडीतच आणली. त्यांच्या बाबांनी गड्डे खणले, आणि ते स्वतः लहान होते, तर गड्ड्यात उतरून माती वर फेकत." ती थांबली. "घुंगरू नव्हते म्हणाले."

"ते जयवंताचे घुंगरू," बापूजी म्हणाले. "पुढं."

"ती झाडं सगळी वाळली. पुढच्या वर्षी. एकही जगलं नाही. चिंधूआजोबा कितीक दिवस वावरात गेले नाहीत, कोणाशी बोलले नाहीत. मग त्याच्या पुढच्या साली मोहगावकडे एकाची बाग होती, फळावर आलेली, तिथून त्यांनी दुसरी कलमं आणली. आपली बाग ती आहे." आता तिला थांबता येत नव्हते. "म्हणजे पहिली ती होती, मोहगावची. त्याच्याही आधी कोणाची असेल, ते गुणवंताआजोबांना माहीत नाही. आबाजी, तेही एकच गवाह झाले. पण त्यांनी पाहिलं आहे. मी लिहीन तर तसंच लिहीन, एका पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून म्हणून. तुम्ही म्हणाल तर नाही लिहीत. बागेचं नावच नाही घेत."

बापूजींचा हात टोपीकडे गेला. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि तिच्या घडीवरून बोट फिरवू लागले. समोर रुळांवर ऊन तापत होते. जन्मभर जो शब्द ते पाहुण्यांच्या हातावर ठेवत आले, तो आता त्यांच्याजवळ नव्हता. स्मिता त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ते रडतील की रागावतील, याचा तिला अंदाज येत नव्हता.

"सगळी वाळली?" त्यांनी विचारले.

"सगळी."

"एकही नाही?"

"नाही म्हणाले."

"गड्डे किती खोल होते?"

"ते... ते नाही विचारलं."

"लावले कोणत्या महिन्यात? पावसाच्या तोंडावर का पाऊस सरल्यावर?"

"आबाजी, ते मी..."

"पाणी कोठून देत?" बापूजी आता तिच्याशी बोलत नव्हते. त्यांची नजर रुळांवरून सरकून दूर कुठेतरी, त्यांनी कधी न पाहिलेल्या त्या वावरात गेली होती. "विहीर तं मंगची हाये. माही माय सांगे, तू पाळण्यात होता तवा विहिरीचा पाझर फुटला. म्हंजे मी व्हायच्या आधी झाडं लावले, तवा विहीरच नव्हती. घागरीनं देत असतील. घागरीनं!" ते एकदम उठून उभे राहिले. "म्हून त्यानं विहीर खंदली. मले वाटे, बाग होती म्हून खंदली. बाग मेली म्हून खंदली वं त्यानं!"

सिग्नल पडला होता. पांढुर्ण्याकडे जाणाऱ्या पॅसेंजरचा धूर दूरवर दिसू लागला. फलाटावरची चार-सहा माणसे आपली गाठोडी उचलू लागली.

"चाल," बापूजी म्हणाले, आणि गावाच्या वाटेला लागले.

"आबाजी, गाडी येऊन राह्यली!"

"येऊ दे. दुसरी येईन. तू अर्धंच विचारून आली."

"पण बहेनजींनी सांगितलं, तुम्ही समोर असले तर..."

"मी काई सांगायले नाही जाऊन राह्यलो." ते मागे न पाहता चालत होते, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला न शोभेल इतक्या भरभर. "तुले झाडातलं काई समजत नाही, त्याले कोण विचारन?"

गुणवंता खाटेवर आडवा झाला होता. दारात दोघांना पाहून तो कोपरावर टेकून उठला आणि सुनेला म्हणाला, "पाह्य वं, आला वापस. मले मालूम होतं, याच्या पोटात राहणार नाही. आता आपलीच कथा लावन."

बापूजी आत आले. खाटेवर त्याच्याजवळ न बसता खाली, चटईवर बसले, जसा एके काळी गुणवंताचा बाप चिंधूजींच्या ओसरीत बसत असे. स्मिता दाराशी उभी राहिली. तिने कागद पुन्हा बाहेर काढला.

"गुणवंताभाऊ," बापूजी म्हणाले, "माह्या बापाचे ते झाडं... वरून वाळत आले, का बुडातून सडले?"

गुणवंताने त्यांच्याकडे नीट पाहिले. मग त्याने पाय खाली सोडले, घसा साफ केला, आणि आठवत आठवत, मध्ये मध्ये थांबत तो सांगू लागला. शेंड्याची पाने आधी पिवळी पडली होती, की सगळी एकदमच गळाली, इथे तो अडला. नाही आठवत, असे त्याने सरळ सांगून टाकले. बापूजींना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण एका झाडावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे त्यांना सहज जमले असते. ओठांपर्यंत आलेला तो अंदाज त्यांनी गिळला, आणि गुणवंता पुढे बोलेपर्यंत ते थांबले.